रोटोटुनाची आत्या

माझ्या नातीच्या बारशाचं घोडं अडलं होतं ते आत्यापाशी.

बाकी सगळी तयारी झाली होती. पाळणा इथल्या, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या, मराठी मंडळाकडून आला होता. गावात कुठेही मूल झालं की तो पाळणा त्या घरी जातो, त्यामुळे त्याच्या दांड्या हात लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत. घुगऱ्यांचे हरभरे आणले होते, सुंठवड्याची सुंठ मी पुण्याहून येतानाच बॅगेत घातली होती आणि विमानतळावरच्या माणसाला ती काय आहे हे समजावताना माझं त्याच्याशी वाजलंही होतं. नाव मुलानं आणि सुनेनं ठरवलं होतं, पण कोणाला सांगत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की ते बाळाच्या कानात सांगायचं कोणी? ते काम आत्याचं, आणि आमच्या घरात आत्या नाही.

"आई, ऋग्वेदा करेल ना," सिद्धी म्हणाली. सिद्धी म्हणजे माझी सून, इथे एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. "माझी बेस्ट फ्रेंड आहे, ती इंद्रनीलला राखीसुद्धा बांधते."

"बांधते? गेल्या वर्षी फोटो पाठवला होता राखीचा."

"आई, इट्स जस्ट अ सेरेमनी," इंद्रनील मध्ये पडला.

"मग बारसंच नको," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

इंद्रनीलला बहीण होती. सुखदा, माझी थोरली. अकरा वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन गेली. इंद्रनील तेव्हा बालवाडीत होता. तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव कोणी घेत नाही. घेऊ नका असं मी कधीच म्हटलं नव्हतं, पण माझा स्वभाव असा की न बोललेलंसुद्धा लोक घाबरून ऐकतात. माझ्या नातीला आत्या नव्हती असं नाही. होती, आणि ती जागा तिची होती. तिथे सुनेच्या मैत्रिणीला बसवून चार फोटो काढायचे, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. पण हे तोंडानं सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून मी भांडी घासत होते.

माझं नाव सुलेखा साळुंखे. पुण्यात आयुष्यभर कॉलेजात फ्रेंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, अकरावीची पोरं फ्रेंच घ्यायची ती 'स्कोअरिंग' म्हणून, आणि परीक्षा झाली की पुस्तकाबरोबर फ्रेंचही रद्दीत घालायची. तरी मी कधी कंटाळले नाही, कारण माझं त्या भाषेवर प्रेम आहे. तिची ऐट मला आवडते. आमच्या सोसायटीत मला पाठीमागे 'मादाम' म्हणायचे, ते काही आदरानं नव्हे, हे मला ठाऊक आहे.

माझा अबोला लांबला तेव्हा सिद्धीनं डोकं चालवलं. आम्ही राहतो त्या रोटोटुनाच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी भाषांचा मेळा होता. आपल्या भागात बोलल्या जाणाऱ्या भाषांची एकेक टेबलं मांडायची, लोकांनी येऊन ऐकायचं, बोलायचं. "फ्रेंचच्या टेबलाला कोणीच मिळालेलं नाही, आई," ती म्हणाली. मला घराबाहेर काढायचा डाव आहे हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण टेबलावर फ्रेंच आणि मागे खुर्ची रिकामी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी साडीला इस्त्री करायला घेतली.

मेळ्यात गर्दी कुठे होती म्हणाल, तर जिथे खायला होतं तिथे. मराठीच्या टेबलावर वडापाव होता, तिथे रांग बाहेर पार्किंगपर्यंत गेली होती. कोरियन टेबलावर काहीतरी तळत होते, टोंगा बेटांची मंडळी गातही होती आणि खिलवतही होती. माझ्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा आणि क्रियापदांचा तक्ता. एक मुलगा आला, तक्ता बघून "नो वरीज" म्हणाला आणि वडापावकडे गेला.

माझ्या शेजारच्या टेबलाचीही तीच गत होती. तिथे पाटी होती 'शोना', आणि मागे चाळिशीची, उंच, रंगीबेरंगी कापड कमरेला गुंडाळलेली बाई. शोना ही झिम्बाब्वेमधली भाषा. मला एवढंच माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त माहीत करून घ्यावं असं वाटलं नव्हतं.

"किया ओरा," तिनं इथला माओरी नमस्कार केला.

"बाँजूर," मी ऐटीत म्हटलं. मग आम्ही इंग्रजीवर आलो. तिचं नाव मुचानेता. इथल्या हॉस्पिटलात नर्स होती आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहायची.

"मुचानेता म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे 'तुम्ही थकाल'."

"हे नाव आहे?"

"माझ्या आईवडिलांच्या लग्नावरून शेजारपाजारचे फार बोलायचे. मी झाले तेव्हा आजीनं हे नाव ठेवलं. मग रोज अंगणात उभी राहून मला मोठ्यानं हाक मारायची. 'तुम्ही थकाल! ये जेवायला!' सगळ्या गावाला ऐकू जायचं."

मी जी हसत सुटले ती थांबेना. पुणेरी पाटी! दारावर लावायची ती या आजीबाईंनी लेकराच्या गळ्यात घातली होती. एवढी अस्सल पाटी तर सदाशिव पेठेतही कोणाला सुचली नव्हती. मी मुचानेताला पाटी म्हणजे काय ते समजावलं, दोनचार नमुने ऐकवले, आणि मग तीही डोळे पुसत हसायला लागली. त्या हसण्यामुळे पहिल्यांदाच चार लोक आमच्याकडे वळून बघायला लागले.

लायब्ररीतल्या मुलीनं ते हेरलं. "तुम्ही दोघी मिळूनच का नाही काही करत? फ्रेंच आणि शोना, समोरासमोर. मस्त होईल," असं म्हणून तिनं आमची टेबलं एकमेकांना जोडलीसुद्धा. समोर दहाबारा खुर्च्या मांडल्या. गंमत बघायला माणसं लगेच येतात, तशी ती आली. मागच्या रांगेत बाबागाडी घेऊन सिद्धी येऊन बसली होती.

पहिली बाजी मी मारली. फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला 'व्हू' म्हणायचं आणि जवळच्याला 'त्यू', हे सांगितलं. आणि 'व्हू' सोडून 'त्यू'वर येणं यासाठी एक वेगळं क्रियापदच आहे, हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. मराठीत त्याला अरेतुरे करणं म्हणतात, हे मी मनात ठेवलं.

"आमच्याकडेही मोठ्यांना अनेकवचनच," मुचानेता शांतपणे म्हणाली. "फक्त त्याच्या पुढची पायरी नाही. आईशी कितीही लाडात आलं तरी आई 'तुम्ही'च राहते."

मग उच्चार निघाले. फ्रेंचमध्ये लिहायची पाच अक्षरं आणि बोलायचं एक, बाकीची गिळून टाकायची. ही नजाकत मी समजावत होते, तर पुढच्या रांगेतला एक म्हातारा किवी म्हणाला, "मग लिहायची कशाला?" मुचानेतानं सांगितलं की शोनामध्ये असला फसवाफसवीचा कारभार नाही, प्रत्येक शब्द शेवटच्या स्वरापर्यंत पूर्ण बोलायचा. पण त्या भाषेत एक आवाज आहे, बोलता बोलता दातांतून शीळ घातल्यासारखा. तिनं तो काढून दाखवला. मग सगळ्यांनी प्रयत्न केला. माझा कुकरच्या शिट्टीसारखा झाला, तोही वाफ गेलेल्या. मी फ्रेंचचा घशातला 'र' काढून सूड घेतला. तो तिला पहिल्या फटक्यात जमला, हे मला मुळीच आवडलं नाही.

"फ्रेंचमध्ये टेबल बाई असतं," मी म्हटलं.

"का? त्यानं काय केलंय?" ती म्हणाली. लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते.

मग त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आंटीला काय म्हणता?"

"तांत," मी म्हटलं.

"आईच्या बहिणीला की बापाच्या?" मुचानेतानं विचारलं.

"दोघींना."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी सांगितलं, आमच्याकडे ताटाला आणि चपलेला एकच शब्द आहे. मग बोटं मोजत म्हणाली, "आईची मोठी बहीण मायगुरू. धाकटी माइनिनी. वडिलांची बहीण तेते. वडिलांचा मोठा भाऊ बाबामुकुरू, धाकटा बाबामुनिनी. आईचा भाऊ सेकुरू."

"मावशी! आत्या! काका! मामा!" मी ओरडले. फ्रान्सच्या नकाशाखाली उभी राहून मी सरळ सरळ शत्रूला जाऊन मिळाले होते. मग मला आवरेचना. "आणि ऐका, नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्यांना फ्रेंचमध्ये एकच शब्द, आणि त्याचा सरळ अर्थ सुंदर बहीण! नणंदेला सुंदर बहीण म्हणणारी माणसं बघितलीत का कधी? आणि सासूला जो शब्द, तोच सावत्र आईला!"

मागच्या रांगेत सिद्धी इतकी हसली की बाबागाडी हलायला लागली. माझ्याकडे बघून हसायची तिला पहिल्यांदाच सवलत मिळाली होती. मीही हसले. फार दिवसांनी आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो.

"तेते म्हणजे नुसती आंटी नाही," मुचानेता लोकांना सांगत होती. "घरात तिचा शब्द शेवटचा. भांडण सोडवायचं तिनं, लग्न ठरवायचं तिनं, भावाच्या मुलांचे कान धरायचे तिनं. तेतेशिवाय घरातलं पान हलत नाही." मग ती टेबलामागून निघून बाबागाडीपाशी गेली, वाकून बाळाकडे बघत तिनं विचारलं, "आणि या बाईसाहेबांची तेते कुठाय?"

सिद्धीनं मान खाली घातली. "कोणी नाही," मी म्हटलं आणि नकाशाची गुंडाळी करायला लागले.

दोनचार दिवसांनी सकाळी दाराची घंटा वाजली. मुचानेता उभी होती, हातात झाकलेलं भांडं. रात्रपाळी करून, घरी जाऊन, स्वयंपाक करून आली होती. आत भोपळ्याच्या पानांची भाजी होती, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली. कूट! परक्या देशात कोणीतरी भाजीला कूट लावून आणतं, तेव्हा माणूस दारात उभं ठेवता येत नाही.

"नीट झोपलात का?" तिनं विचारलं.

"झोपले."

"असं नाही म्हणायचं. 'तुम्ही नीट झोपला असाल तर मीही झोपले,' असं म्हणायचं. आमच्याकडे उत्तर तसं असतं."

"फ्रेंचमध्ये 'ठीक चाललंय?' म्हणून विचारतात 'सा व्हा?' आणि उत्तर देतात 'सा व्हा'. प्रश्न तोच, उत्तर तेच, मोकळं!"

"मग कळतं कसं?"

"काहीच कळत नाही. म्हणून तर सोयीचं आहे," मी म्हटलं आणि चहा टाकला. एवढी वर्षं मी हे वाक्य मुलांना पहिल्याच तासाला शिकवत आले, पण ते इतकं पोकळ आहे हे मला त्या दिवशी स्वतःच्या तोंडून ऐकताना कळलं.

चहा घेता घेता तिनं सरळ विचारलं, "त्या दिवशी मी काहीतरी चुकीचं बोलले. काय ते सांगा."

मी सांगितलं. कसं कोण जाणे, पण सांगितलं. सुखदा हे नाव मी त्या स्वयंपाकघरात मोठ्यानं उच्चारलं आणि ते माझ्याच कानाला ओळखू येईना. मुचानेतानं 'सॉरी' म्हटलं नाही. तिनं विचारलं, "तिच्या जागी कोणाला बसवलंत?"

"म्हणजे?" माझं डोकं फिरलं. "ती काय खुर्ची आहे? तुमच्याकडे माणूस गेलं की बदली खेळाडू उतरवतात का?"

असं मी बोलले की पुण्यात माणसं उठून जायची. ती बसूनच राहिली. "माझं नाव विसरलात वाटतं," असं म्हणून तिनं आणखी थोडा चहा ओतून घेतला.

मग ती सांगत गेली. तिच्या वडिलांची बहीण वारली तेव्हा सगळं घर एकत्र बसलं आणि गेलेल्या तेतेचं नाव एका चुलत बहिणीला दिलं. ती बहीण मुचानेताहून लहान. "आता मी तिला तेते म्हणते. नवऱ्याची तक्रार तिच्याकडे करते. ती माझे कान उपटते, आणि मी ऐकून घेते. तेते गेली, रडलो. पण 'तेते' ही हाक घरात राहिली. रोज कोणी ना कोणी ती मारतंच."

"आमच्याकडे जागा तिचीच ठेवली आहे," मी म्हटलं.

"त्या जागेला हाक कोण मारतं?"

मी कप उचलायला उठले. घरून काम करणारा इंद्रनील कॉफीसाठी येऊन दाराशी कधीचा उभा होता, ते मला तेव्हा दिसलं.

"आई," तो मराठीत म्हणाला, "मला ती इंद्या म्हणायची ना? की ते मी मनानंच घेतलंय?"

"इंद्याच म्हणायची," मी म्हटलं. "बाबा चिडायचे. एवढं चांगलं नाव ठेवलंय म्हणायचे."

"मी विचारलं नाही कधी. तुला त्रास होईल म्हणून."

माझा मुलगा चौतिशीचा बाप्या, दाढीवाला, हातात मग घेऊन उभा, आणि बहीण आपल्याला काय हाक मारायची एवढं विचारायला त्याला इतकी वर्षं लागली. मी पदर डोळ्यांना लावला. मुचानेतानं भाषा न कळता सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि त्याला बसायला खुर्ची सरकवली, जणू घर तिचंच होतं.

"तुमच्या घराण्याचा प्राणी कोणता?" तिनं त्याला विचारलं.

"सॉरी?"

"शोना माणूस म्हणजे कोणत्या तरी प्राण्याचा असतो. कोणी सिंहाचा, कोणी माकडाचा. तो प्राणी तो खात नाही, मारत नाही. एका प्राण्याची माणसं भाऊबहीण. एकमेकांना कधी पाहिलेलं नसलं तरी."

इंद्रनीलला काय माहीत असणार! मी सांगितलं. "याला आम्ही देवक म्हणतो. साळुंख्यांचं देवक साळुंकीचं पीस. लग्नात पुजतात. साळुंकीला साळुंख्यांनी धक्का लावायचा नाही." आणि खिडकीतून बोट दाखवलं. मागच्या हिरवळीवर पाचसहा साळुंक्या कचाकचा भांडत होत्या. इथे त्यांचा सुळसुळाट आहे, आणि आमचे शेजारी त्यांना 'पेस्ट', म्हणजे उपद्रव म्हणतात, जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, फेकून हाकलतात. मी आल्यापासून त्यांना भाताची शितं घालत होते, त्यावरून कुंपणापलीकडच्या माणसाशी माझं एकदा झालंही होतं.

मुचानेता उभी राहिली. "पक्षी?"

"पक्षीच."

"मी हुंग्वे. मासे पकडणारा गरुड. आम्हाला शिरीही म्हणतात, म्हणजे पक्षी." तिनं इंद्रनीलच्या पाठीवर हात ठेवला. "मग हा माझा भाऊच झाला की!"

"असं कसं?" मी म्हटलं. "तुमचा गरुड आमची साळुंकी गिळून टाकेल."

"भावंडं एकमेकांना खातातच. माझे भाऊ बघा एकदा." मग हसणं थांबवून ती म्हणाली, "मी उगाच बसणार नाही त्या जागेवर. तुम्ही बोलावलंत तर. नाही बोलावलंत तरी भाजीचं भांडं परत मागणार नाही."

ती गेल्यावर मी ती भाजी गरम भाताबरोबर खाल्ली. मीठ थोडं कमी होतं. विचार करत होते. फ्रेंचमध्ये या गोष्टीला काय म्हणायचं? माझ्या डोक्यात एकच शब्द येत होता, 'बदलणं', जसा दिवा बदलतात, टायर बदलतात तसं. एवढ्या ऐटीच्या भाषेनं मला ऐन वेळी दगा दिला. मराठीत तरी कुठे होता शब्द? पण ऋग्वेदाला बसवायचं म्हटल्यावर जसं तळपायाची आग मस्तकात गेली होती, तसं या वेळी काही होत नव्हतं. ऋग्वेदाला सुखदा माहीतच नव्हती. या बाईनं मात्र आधी तिची चौकशी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी कुंकवाची कोयरी आणि माझी नवी इरकली घेऊन मागच्या गल्लीत गेले. मुचानेता दारात केस विंचरत उभी होती.

"शनिवारी बारसं आहे," मी म्हटलं. "आत्याला आमंत्रण घरी जाऊन द्यायचं असतं. फोनवर चालत नाही."

तिनं दोन्ही हातांचे खोलगट तळवे एकमेकांवर आडवे धरून हळूहळू टाळ्या वाजवल्या. शोना बायका आभार असे मानतात. मी तिला कुंकू लावलं, इरकली हातात दिली, आणि कानात 'कुर्रर्र' कसं म्हणायचं ते शिकवलं. तो 'र' काढायला तिला माझी गरज नव्हतीच.

शनिवारी घर भरलं. दाराबाहेर बुटांचा आणि जँडल्सचा ढीग, आत मंडळातल्या बायका, पोरं, सिद्धीच्या फार्मसीतली माणसं, लायब्ररीतली मुलगीसुद्धा. मुचानेता इरकली नेसून आली. सिद्धीनं नेसवली होती आणि मापाला कमी पडू नये म्हणून निऱ्या अगदी मोजक्या घातल्या होत्या. ऋग्वेदानं तिच्या केसांत गजरा माळला. मला वाटलं होतं ही पोर रुसेल, तर ती म्हणाली, "काकू, मला टेन्शनच आलं होतं. स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत झकास.

मी ठरवलं होतं की हसतमुख राहायचं. पण मुचानेता पाळण्यापाशी येऊन उभी राहिली, हिरव्या इरकलीत, सुखदा असती तर साधारण त्याच वयाची. माझी लेक आज अशीच उभी असती. थांबा म्हणावं, पाळणा परत पाठवावा, घुगऱ्या वाटून सगळ्यांना घरी घालवावं, असं अगदी ओठांवर आलं. इंद्रनील माझ्याकडेच बघत होता.

मुचानेता पाळण्यावर वाकली नाही. ती आधी जमिनीवर बसली. पाय एका बाजूला मुडपून, ओंजळीनं टाळ्या वाजवत, खालच्या आवाजात ती शोनामध्ये कोणाशी तरी बोलायला लागली. प्रत्येक शब्द शेवटच्या स्वरापर्यंत पूर्ण. मला त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त मधूनमधून एक शब्द ओळखू यायचा, 'तेते'. आणि त्याच्या पुढे दरवेळी, स्वच्छ, मोठ्यानं, 'सुखदा'.

इतक्या माणसांत माझ्या मुलीचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं, याला किती काळ लोटला होता मला आठवत नाही.

ती आमच्याकडे वळली. "तिला सांगितलं की तुझी भाची आली आहे," ती म्हणाली. "नाव तुझ्या वतीनं सांगते, रागावू नकोस. आणि विचारलं, सांगू का?"

मग इंद्रनील म्हणाला, "ताई हो म्हणाली असती." तो हसत होता. "ताईला असलं सगळं फार आवडायचं, हो ना आई?"

"फार," मी म्हटलं. "नाटकी होती एक नंबरची."

मग मुचानेता उठली, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "कुर्रर्र... स्वानंदी!"

आता आमच्याकडे आत्यानं नाव सांगताना आजूबाजूच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ती खरी मजा. पण सगळ्याजणी हात अर्धवट उचलून एकमेकींकडे बघत राहिल्या. परकी बाई, नर्स, पहिल्यांदाच साडी नेसलेली, मारायचं कसं? मंडळातल्या काकूंनी तर दोन बोटांनी नुसतं पदराला शिवल्यासारखं केलं.

"हात मोडलेत का सगळ्यांचे?" मी म्हटलं, पुढे झाले, आणि मुचानेताच्या पाठीत असा एक धपाटा घातला की गजरा सुटून पाळण्यात पडला. खोली दणाणली. बाळ दचकून रडायला लागलं, सिद्धी हसायला लागली, आणि मुचानेतानं मान वर करून असा काही लांबलचक किलकारीचा आवाज काढला की बाहेरच्या साळुंक्या उडाल्या असतील. मग बाकीच्या बायकाही तुटून पडल्या.

गर्दी ओसरल्यावर ती पाठ चोळत माझ्यापाशी आली. "एवढ्या जोरात मारायची पद्धत आहे?"

"पद्धत हलक्या हातानं मारायची आहे," मी म्हटलं. मग इंग्रजी सोडून मराठीत म्हटलं, "अगं, पण आईचा हात लेकीला असाच लागतो."

तिला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तिनं पाठ पुन्हा माझ्याकडे केली आणि म्हणाली, "मग अजून एक."